दिनकररावांची बाजू

बसा, बसा सगळे. मागे भिंतीला टेकून उभे आहात त्यांनी पुढे या, पहिली रांग रिकामी आहे. शोकसभेत पहिल्या रांगेत बसायला आपल्या लोकांना कसली भीती वाटते कोण जाणे. हीटर घरघर करतोय, करू दे. बंद केला तर लंडनच्या, आपल्या पिनरच्या या थंडीत माझं बोलणं संपायच्या आत अर्धे लोक घरी जातील.

मंडळी, मी शैला कारखानीस. मला इथे बोलायचं जिवावर आलंय. हे मी रीत म्हणून म्हणत नाही. दिनकरराव सोवनी आपल्यातून गेले त्याला आज बारा दिवस झाले. त्यांची मुलगी अनघा, ही इथे बसलीय, तिनं मंगळवारी मला फोन केला. म्हणाली, "मावशी, बाबाविषयी तू बोलशील?" मी विचारलं, "मीच का गं?" माझा स्वभावच तसा. कोणी चहा घेणार का विचारलं तरी माझ्या मनात येतं, याला माझ्याकडून काय हवंय. अनघा म्हणाली, "कारण तू त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडलीस." एवढंच बोलली बिचारी. पण खरं कारण तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तुम्हाला ते माहीत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, नाहीतर मी गोल गोल बोलत राहीन आणि शेवटी धीर होणार नाही. गेली दोन वर्षं आपल्या लोकांत दिनकररावांबद्दल एक गोष्ट फिरते आहे. की हा माणूस रशियाचा आहे. की यानं त्या युद्धाला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर सही केलीय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती ऐकलीय. माना खाली घालू नका, मी तुम्हाला बोलत नाहीये. ती गोष्ट मी उठवली. आणि ती खोटी आहे.

झालं. सांगितलं. आता सगळं नीट सांगते.

मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सत्तावीस वर्षं नोकरी केली. काम काय, तर लोक ज्या घरात राहतो म्हणून सांगतात, त्या घरात ते खरंच राहतात का हे तपासायचं. दार वाजवायचं, गोड हसायचं, आणि बाथरूममध्ये टूथब्रश किती आहेत ते बघून यायचं. संशय हा माझा धंदा होता. आणि मी त्यात हुशार होते हो, उगीच कशाला लाजू. दिनकरराव मला 'इन्स्पेक्टरबाई' म्हणायचे. त्यांच्या घरी गेले की म्हणायचे, "या इन्स्पेक्टरबाई, टूथब्रश दोनच आहेत, मोजून घ्या." सुधा गेल्यावर 'एकच आहे' म्हणायचे. सुधा म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण. ते म्हणताना त्यांचा आवाज जरासा बदलायचा, पण म्हणायचे.

त्यांचा धंदा वेगळा. ते दुभाषी. तरुणपणी पुण्याहून मॉस्कोला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि इंजिनिअर व्हायच्या ऐवजी रशियन भाषेत पुरते बुडून परत आले. मग इंग्लंड. मग नव्वदच्या दशकात, सोव्हिएत राज्य कोसळल्यावर, इथल्या एका कंपनीबरोबर पुन्हा रशियाला. ती कंपनी तिथल्या कारखान्यांना सल्ला द्यायची. आता तुमचा कारखाना सरकारी नाही, खासगी होणार, लोकशाही आली, बाजार आला, असं सगळं. सल्लागार इंग्रजीत बोलायचे आणि दिनकरराव ते रशियनमध्ये सांगायचे. तीन-चार वर्षं केलं त्यांनी ते. परत आले तेव्हा सुधा मला म्हणाली होती, "शैला, हा हल्ली जेवताना मध्येच थांबतो." मी म्हटलं, पोट बिघडलं असेल.

आमचा शनिवारचा गट तुम्हाला माहीत आहे. लायब्ररीच्या मागच्या खोलीत, दुपारी दोन ते चार. अकरा वर्षं चालला. विषय काहीही. पण वळून वळून आम्ही रशियावर यायचो, कारण दिनकरराव आणि मी दोघंही त्या विषयावर तोंड उघडल्याशिवाय राहायचो नाही. गटाचा एक नियम होता, तो त्यांनीच घातलेला. दुसऱ्याचं म्हणणं खोडायच्या आधी त्याची बाजू आपण मांडायची. आणि 'यांचं म्हणणं असं आहे' असं नाही म्हणायचं. 'मी' म्हणून मांडायची. दुभाषी जसा दुसऱ्याचं बोलणं 'मी' म्हणून सांगतो तशी. आणि तो दुसरा माणूस मान हलवून "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.

नियम छान आहे ना? मला वैताग यायचा त्याचा. ते माझी बाजू मांडायचे तेव्हा इतकी झकास मांडायचे की मलाच वाटायचं, अरे वा, मी एवढी शहाणी आहे? आणि त्यांची बाजू मांडायची पाळी आली की मी दोन वाक्यांत उरकायचे. मुद्दाम वाकडी करायचे. "मी दिनकर, मला रशियाचं सगळं गोड लागतं." सगळे हसायचे. तेही हसायचे. पण मान नाही हलवायचे. अकरा वर्षांत एकदाही मान हलवली नाही त्यांनी माझ्यासाठी.

वाद कशावर होता? रशियात लोकशाही यायची होती, ती का आली नाही. आली आली म्हणताना कुठे गेली. आणि पश्चिमेकडच्या देशांनी आपली लष्करी आघाडी पूर्वेकडे वाढवत नेली, ते बरोबर केलं की चूक. माझं म्हणणं साधं होतं. माझ्या ऑफिसात एक लिथुआनियन बाई होती. तिच्या आजीला रशियनांनी घरातून उचलून सैबेरियात नेलं होतं. ती म्हणायची, आम्हाला आघाडीनं नाही ओढलं, आम्हीच दार वाजवलं. मी दिनकररावांना म्हणायचे, "अहो, कौन्सिलमध्ये रोज बायका येतात. नवरा मारतो म्हणून दाराचं कुलूप बदलून द्या म्हणतात. आणि तुमच्यासारखी माणसं म्हणतात, कुलूप बदललं म्हणून नवरा चिडला!" माझा हा मुद्दा गाजला होता. टाळ्या पडल्या होत्या.

ते म्हणाले, "कुलूप बदलाच, शैलाताई. पण त्या नवऱ्याच्या घरात अजून माणसं आहेत. म्हातारी आई आहे, पोरं आहेत. त्यांच्याशी तुमच्या कौन्सिलमधलं कोणी बोललं का?" मी म्हटलं, "विषय बदलू नका."

मग ते युद्ध सुरू झालं. रशियानं शेजारच्या देशात रणगाडे घातले. तुम्हाला आठवत असेल, आपल्यापैकी कितीतरी जणांनी घरातल्या खोल्या देऊ केल्या, रजया गोळा केल्या. दिनकरराव त्या शनिवारी आले आणि खुर्चीत बसून राहिले. एवढंच म्हणाले, "हे पाप आहे." मला मात्र ते पुरेसं वाटेना. अकरा वर्षं जो माणूस पश्चिमेच्या चुका दाखवत आलाय, तो आता फक्त तीन शब्द बोलतो? माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय.

त्याच वर्षीच्या जुलैतली गोष्ट. उकाडा असा की एजवेअरच्या माझ्या फ्लॅटमध्ये पंखा लावूनही जीव जात होता. त्यांची एक घडीची खुर्ची माझ्याकडे राहिली होती. गुरुवारी दुपारी ती परत द्यायला मी पिनरला त्यांच्या घरी गेले. बेल वाजवली, कोणी दार उघडेना. साइड गेट उघडं होतं, म्हणून तिथून आत शिरले. मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी. आणि आतून दिनकररावांचा आवाज.

आधी रशियन. मग इंग्रजी. इंग्रजीत ते म्हणत होते, "मी त्या पत्रावर सही केली. मी युद्धाला पाठिंबा दिला. मला कोणी मारलं नाही, कोणी धमकावलं नाही. माझ्यासमोर कागद ठेवला आणि मी सही केली."

मंडळी, मी तिथेच कान देऊन उभी राहिले. दुसऱ्या कोणाचा आवाज नाही. फक्त त्यांचा. मी ती खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि पाऊल न वाजवता बाहेर पडले. बस स्टॉपवर पोचेपर्यंत माझी केस तयार होती. तारीख, वेळ, ऐकलेले शब्द. पर्समधल्या डायरीत लिहूनसुद्धा ठेवलं. जुनी खोड.

आता नीट ऐका. मी तेव्हा काय विसरले ते सांगते. खरं तर विसरलेही नव्हते. कौन्सिलमध्ये मी शेकडो मुलाखती दुभाष्याला शेजारी बसवून घेतल्यात. तमिळ, सोमाली, गुजराती. दुभाषी 'मी'च म्हणतो. समोरची बाई म्हणते, मला नवऱ्यानं हाकललं, तर शेजारी टाय लावून बसलेला बाप्या म्हणतो, "मला नवऱ्यानं हाकललं." कोणी हसत नाही. तो कामाचा भागच असतो. हे मला माहीत होतं. दिनकरराव अजूनही वकिलांसाठी दुभाष्याचं काम घेतात हेही मला माहीत होतं. तरी त्या खिडकीखाली ते माझ्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही? मला विचाराल तर, मला ते यायला नको होतं. अकरा वर्षं ज्या माणसाशी वाद जिंकता आला नाही, तो चोर निघाला तर वाद घालायचीच गरज नाही. नाही का?

मी दोन फोन केले. फक्त दोन. "कोणाला सांगू नकोस हं," असं दोघांनाही सांगितलं. रविवारपर्यंत व्हॉट्सॲपवर आलं. मी फोन केला ते दोघंही इथे बसलेत. त्यांची नावं मी घेणार नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला एवढाच त्यांचा गुन्हा.

पुढच्या शनिवारी लायब्ररीत मी सगळ्यांसमोर विचारलं. "दिनकरराव, तुम्ही सही कुठल्या पत्रावर केलीत ते सांगा ना सगळ्यांना." ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत. मला ते बघणं तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, पकडला गेला. ते म्हणाले, "शैलाताई, ते मला सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही! मी म्हटलं, "बघा. नाही म्हणाले का? नाही म्हणता येत नाही त्यांना." त्यांनी आपली छत्री घेतली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. पुन्हा शनिवारी आले नाहीत. दिवाळीच्या कार्यक्रमात दर वर्षी प्रास्ताविक तेच करायचे, त्या वर्षी त्यांना कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून विचारलं नाही.

आणि मी तेवढ्यावर थांबले असते तर! पण नाही. ऑगस्टपासून ते महिन्यातून दोनदा गुरुवारी भल्या सकाळी काळी बॅग घेऊन घराबाहेर पडायला लागले. दोन्ही गुडघे गेलेले, शहात्तर वर्षांचं वय. कोणीतरी सांगितलं, मँचेस्टरला जातात. मी म्हटलं, मँचेस्टरला यांचं कोण आहे? घरातून होत नाही असं काय काम आहे? आणि तेही डायरीत लिहिलं. देवा रे.

दोन वर्षं गेली. मी फोन केला नाही. त्यांना हार्ट अटॅक आला, हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होते. मी गेले नाही. रोज ठरवायचे, आणि रोज वाटायचं, मी गेले तर ते म्हणतील, आता काय तपासायला आलात? तसं ते म्हणाले नसते. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

गेल्या रविवारी अनघाकडे लोक भेटायला येत होते. मी गेले. कोपऱ्यात एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, करडे केस, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. ती इथे आहे, दुसऱ्या रांगेत, अनघाच्या मागे. तिचं नाव गलीना. अनघा, तू तिला इंग्रजीत सांगते आहेस ना सगळं? सगळं सांग. मी मघाशी काय म्हणाले तेही सांग, वगळू नकोस.

गलीना तिकडे रशियात एका छोट्या गावात शाळेत इतिहास शिकवायची. आता मी जे सांगणार आहे ते तिच्या परवानगीनं सांगते आहे. काल फोन करून पुन्हा विचारलं. ती म्हणाली, आई होती तोवर भीती होती. आई आता नाही. तिकडे माझं कोणी उरलं नाही. बोला.

तर अनघानं माझी ओळख करून दिली. गलीनानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "यू आर चेअर लेडी?"

खुर्चीवाली बाई. मला कळेना. मग तिनं सांगितलं. आणि मध्ये मध्ये अनघानं.

तो आवाज दिनकररावांचा होता, पण बोलणं गलीनाचं होतं. ती तेव्हा मँचेस्टरला राहत होती, नुकतीच जीव मुठीत धरून आलेली. तिच्या असायलमच्या, म्हणजे इथे आसरा मिळावा म्हणून केलेल्या अर्जाचं काम चाललं होतं. तिचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, तोही मँचेस्टरचाच. दिनकरराव घरून, कानाला हेडफोन लावून, व्हिडिओ कॉलवर दुभाष्याचं काम करत होते. म्हणून मला एकच आवाज ऐकू आला. शाळेच्या स्टाफरूममध्ये तिच्यासमोर युद्धाला पाठिंबा देणारं पत्र ठेवलं आणि तिनं सही केली. सगळ्यांनी केली. तिला नोकरी हवी होती. मग काही दिवसांनी वर्गात एका मुलीनं विचारलं, बाई, हे बरोबर आहे का? आणि गलीना म्हणाली, नाही. दार उघडं होतं. बाहेर तिची एक सहकारी उभी होती. वीस वर्षं एकाच टेबलावर डबा खाणारी. तिनं ऐकलं आणि जाऊन सांगितलं. पुढचं सगळं, चौकशी, नोकरी जाणं, पळून येणं, त्या एका उघड्या दारामुळे झालं.

आणि त्या जुलैतल्या गुरुवारी कॉल संपल्यावर दिनकरराव मागच्या दारानं बाहेर आले तर भिंतीला खुर्ची टेकवलेली. त्यांची स्वतःची. माझ्याकडे राहिलेली. त्यांना तिथल्या तिथे कळलं की मी आले होते आणि मी ऐकलं. त्यांनी लगेच सॉलिसिटरला फोन केला. त्यांच्या कामाचा नियम, खोलीत ऐकलेलं खोलीबाहेर जाता कामा नये, आणि गेलं असेल तर लपवायचं नाही. ते म्हणाले, माझ्या घरी कोणीतरी ऐकलंय, माझी चूक आहे, खिडकी उघडी होती. गलीना म्हणते, ते ऐकून मी तीन दिवस घराबाहेर पडले नाही. इथेही दाराबाहेर कोणी उभं असतं असं मला वाटलं. तेव्हा दिनकरराव म्हणाले, यापुढे मी तिकडे येऊन काम करीन, बंद खोलीत. म्हणून मँचेस्टर. म्हणून ती काळी बॅग. युस्टन स्टेशनहून गाडी, मग ट्रॅम, मग संध्याकाळी परत. त्या गुडघ्यांवर. माझ्यामुळे.

मला त्यांनी लायब्ररीत सांगितलं असतं, "अहो, ते माझं नव्हतं, एका बाईचं होतं," तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं. पण मग मी विचारलं असतं, कोणती बाई? कुठली? मी विचारलं असतंच. आणि गलीनाची आई तेव्हा तिकडे होती. एक नाव बाहेर फुटायला किती वेळ लागतो, ते आपल्या व्हॉट्सॲपनं दाखवलंच की. म्हणून ते गप्प राहिले. रशियाचा माणूस म्हणवून घेतलं, आणि गप्प राहिले.

मी अनघाला विचारलं, "अगं, बाबा माझ्यावर किती चिडला होता?" ती तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "बाबा अँग्री नव्हता, मावशी. तो म्हणायचा, शैलाचा काम असा होता ना, ती काय करणार." माझी बाजू, हो. तेवढ्यातही माझी बाजू मांडून मोकळे झाले.

रशियात लोकशाही का रुजली नाही यावर मी अकरा वर्षं भाषणं ठोकली. झार काढले, पक्ष काढला, पोलीस काढले. म्हणायचे, तिथली माणसंच एकमेकांवर पाळत ठेवतात, त्यांना सवयच नाही. आणि मी? मी कोण होते त्या साइड गेटच्या आत? मला कोणी तुरुंगाची भीती घातली नव्हती. माझी नोकरी जाणार नव्हती, पेन्शन चालू होती. मी आपल्या खुशीनं ऐकलं आणि जाऊन सांगितलं. गलीनाच्या त्या सहकारी बाईला निदान कशाची तरी भीती असेल. संशय घ्यायचा तर मोठ्यांवर घ्यावा, खुर्चीवर बसलेल्यांवर, करार करणाऱ्यांवर. अजूनही मी घेते. उद्या कोणी शांतता करार करून आलं तर मी आधी विचारीन, यात कोणाला विकलंत? पण तो सगळा संशय मी एका म्हाताऱ्या मित्रावर खर्च केला. मला शरम वाटते.

आणि आत्ताही मला माझाच संशय येतोय बरं का. हे सगळं मी त्यांच्यासाठी बोलतेय की माझी छाती हलकी व्हावी म्हणून? ठरवा तुम्ही. पण एक काम राहिलंय, ते मी आज करणार. अकरा वर्षांत त्यांची बाजू मी एकदाही नीट मांडली नाही. आज मांडते. त्यांच्या नियमानं.

मी दिनकर सोवनी. मी मॉस्कोत शिकलो. होस्टेलवर एक बाई होती, अन्ना पेत्रोव्हना, कोण येतं-जातं ते बघायला जिन्याशी टेबल टाकून बसायची. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा तिनं मला बिटाचं सूप चमच्यानं भरवलं. पुढे सोव्हिएत राज्य गेलं. मी आनंदानं नाचलो होतो. मला वाटलं, आता ही माणसं मोकळं बोलतील. मी परत गेलो, कारखान्याच्या हॉलमध्ये उभा राहिलो, आणि रशियनमध्ये म्हणालो, आजपासून तुम्ही मालक आहात. ते वाक्य सल्लागाराचं होतं, पण त्यांच्या कानावर पडला तो माझा आवाज. एका म्हाताऱ्यानं विचारलं, उद्या कँटीन चालू असेल का? मी ते इंग्रजीत सांगितलं. सल्लागार हसले. कँटीन बंद झालं. मग पगार बंद झाले. त्याच हिवाळ्यात अन्ना पेत्रोव्हना मला मेट्रोच्या दाराशी दिसली. स्वतःचे बूट विकायला उभी होती. मी दर सभेत 'लोकशाही' म्हणत होतो आणि दर सभेनंतर काहीतरी बंद होत होतं. त्यांच्या राष्ट्राध्यक्षानं स्वतःच्या संसदेवर रणगाड्यांतून गोळे डागले, तेव्हा इकडच्या पुढाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. लोकांनी ते बघितलं. त्यांना लोकशाहीचा कंटाळा आला नाही, त्यांनी लोकशाही बघितलीच नाही. त्यांनी ते नाव ऐकलं, माझ्या तोंडून.

शेजारच्या देशांना भीती वाटली, त्यांनी आघाडीत जायचं ठरवलं. तो त्यांचा हक्क आहे, शैलाताई. कुलूप त्यांनी बदललंच पाहिजे. माझा राग इथल्यांवर आहे. एका हातानं त्यांनी कुलूप दिलं आणि दुसऱ्या हातानं त्या घरातल्या चोरांना लंडनमध्ये बंगले दिले, वकील दिले, त्यांच्या पोरांना शाळा दिल्या. घरातल्या उरलेल्या माणसांशी कोणी बोललंच नाही. युद्ध ज्यानं सुरू केलं ते त्याचंच पाप आहे. त्यातला कणभरही मी दुसऱ्या कोणाला वाटून देत नाही. पण ती माणसं जन्मजात गुलाम आहेत, असं तुम्ही म्हणालात तर मी उठून उभा राहीन. मी त्यांचा आवाज होतो. मला माहीत आहे ती काय म्हणत होती.

अशी ही बाजू.

मला ती पूर्ण पटत नाही. आजही नाही. गलीनालाही पटत नाही, ऐका. ती त्यांना तोंडावर म्हणायची, "दिनकर, तू फार सभ्य आहेस. मी पहिल्या निवडणुकीत मत दिलं, रांगेत दोन तास उभी राहून. मग हळूहळू द्यायचं सोडलं. ते मला कुठल्या सल्लागारानं सांगितलं नव्हतं. ते मी सोडलं." हेच ती सॉलिसिटरपुढेही बोलली, आणि दिनकररावांनी तेही, जसंच्या तसं, एक शब्द न गाळता तिच्या अर्जात इंग्रजीत मांडलं. त्यांच्या स्वतःच्या सगळ्या मतांच्या विरुद्ध. सॉलिसिटरनं विचारलं, हे ठेवायचं का? ते म्हणाले, ती म्हणाली आहे ना, मग ठेवायचं. तिला इथे राहायची परवानगी मिळाली ती गेल्या महिन्यात. ते कळल्यावर हॉस्पिटलच्या बेडवर त्यांनी अनघाकडून पेढे मागवले होते.

मान कोणी हलवायची, हे मला कळत नाही. गलीनाची वेगळी बाजू, माझी वेगळी. ज्यांची बाजू होती ते नाहीत. मी बरोबर मांडली की नाही हे आता मला कधीच कळणार नाही. ते माझ्याबरोबरच राहणार.

घरी गेल्यावर तुमच्यापैकी ज्यांच्या फोनमध्ये तो मेसेज अजून असेल, त्यांनी तो काढू नका. त्याच्याखाली लिहा, शैला कारखानीस खोटं बोलली, तिनं स्वतः उभं राहून सांगितलं. माझं नाव पूर्ण लिहा. आणि ज्याला ज्याला तुम्ही पाठवला होतात, त्याला त्याला हेही पाठवा.

आता उठून उभे राहा, मंडळी. गुडघे दुखत असतील त्यांनी बसून राहिलं तरी चालेल, दिनकररावांनी काही मनावर घेतलं नसतं. फोन बंद करा. दोन मिनिटं आपण कोणी काही बोलायचं नाही. मी तर नाहीच.

दिनकरराव, माझं चुकलं. नमस्कार करते.